कूलंटमध्ये बाटली ओतली की इंजिन खरंच थंड चालतं का? (मांजरसुंबा घाट, सात माणसं, एसी चालू)

बालाघाटी (अंबाजोगाई) · १२ एप्रिल, रात्री ९:१५

मंडळी, नमस्कार. गाडी सात सीटची, डिझेल, २०१४ची. १ लाख ४६ हजार किलोमीटर झालेत. लेक संभाजीनगरला शिकायला आहे, त्यामुळं महिन्यातून दोनदा तरी केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागड असा फेरा होतो. जाताना काही त्रास नाही, मांजरसुंब्याहून बीडकडं उतारच आहे. येताना बीडजवळचं पाली गाव मागं पडलं की घाट चढायचा आणि तिथं गाडी तापते.

गेल्या रविवारी घरची सात माणसं होती, वर टपावर सामान. दुपारचे अडीच वाजलेले. पुढं कडब्यानं भरलेला ट्रक, त्याला ओलांडायला जागा नाही, म्हणून दुसऱ्या गियरवर रांगत चाललो. काटा मधल्या रेघेच्या वर सरकला तसा एसी बंद केला. माझी आई ७८ वर्षांची आहे. काचा उघडल्यावर जी झळ आत आली, त्यानं तिचा जीव घाबरला. वर पोचल्यावर अर्धा तास झाडाखाली थांबलो.

दुसऱ्या दिवशी मोबाइलला जोडायचं, इंजिनाचं तापमान अंशांत दाखवणारं ओबीडी यंत्र आणलं, म्हणजे काट्यावर विसंबायला नको. सपाट रस्त्याला ८८ ते ९० अंश दाखवतं. याच शनिवारी परत घाट चढलो, तर १०८ पर्यंत गेलं.

स्पेअर पार्टच्या दुकानात एक बाटली दाखवली. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, ओतायची, १० ते १५ अंश उतरतात असं दुकानदार म्हणाला. मी घेऊन आलोय, अजून उघडली नाही. कुणी वापरली आहे का? आधीचे आणि नंतरचे आकडे असतील तर फार उपयोग होईल.

---

काळीपिवळी_परभणी · १२ एप्रिल, रात्री १०:०२

भाऊ, मी टाकली होती मागच्या उन्हाळ्यात. जिंतूर-परभणी गाडी चालते माझी, दिवसाला सहा खेपा. मला तर फरक वाटला. पण यंत्र-बिंत्र नाही आपल्याकडं, काट्यावरच बघायलो मी. आणि त्याच दिवशी मेस्त्रीनं पंख्याचा पट्टाबी बदलला होता, तेव्हा बाटलीनं झालं का पट्ट्यानं, ते मला सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू.

---

पाना_पक्कड (जालना) · १३ एप्रिल, सकाळी ७:३०

बालाघाटी साहेब, माझं गॅरेज आहे, २२ वर्षं हेच काम करतो. बाटली उघडायच्या आधी मला चार गोष्टी सांगा. कूलंट शेवटचं पूर्ण कधी बदललं? मधे टाकी कमी झाल्यावर वरून कोणतं पाणी टाकता? रेडिएटरची कॅप कधी बदलली? आणि एसीची जाळी व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कधी बॅटरी लावून बघितलंय का?

---

बालाघाटी · १३ एप्रिल, सकाळी ८:१०

कूलंट तीन वर्षांपूर्वी बदललं होतं, बहुतेक ५०-५० (निम्मं कूलंट, निम्मं पाणी). वरून घरच्या बोअरचं पाणी टाकतो, महिन्या-दोन महिन्याला ग्लासभर. कॅप गाडीबरोबर आलेलीच आहे. फटीत कधी बघितलं नाही. कशाला बघायचं असतं?

---

पाना_पक्कड · १३ एप्रिल, रात्री १०:४५

साहेब, रागावू नका, पण निम्मा आजार तुमच्या उत्तरातच आहे.

आपल्या भागातलं पाणी खडकातलं आहे. बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते घरातली चहाची किटली आतून बघा, गिझरची कॉइल बघा. तेच इंजिनात होतं. कॅल्शियमचा थर सगळीकडं सारखा बसत नाही, जिथं धातू सर्वांत तापतो तिथंच आधी बसतो, म्हणजे हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास. उष्णता बाहेर काढायची खरी गरज तिथंच असते आणि तिथंच गोधडी पांघरल्यासारखं होतं. तीन वर्षं महिन्याला ग्लासभर म्हणजे किती लिटर झालं याचा हिशेब करा. पाणी वाफ होऊन जातं, क्षार आतच राहतात, दर ग्लासाला वाढत जातात.

२०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा आठवा. त्या वर्षी माझ्याकडं आलेल्या गाड्यांत कुणी टँकरचं, कुणी हापशाचं, कुणी विहिरीच्या तळाचं पाणी टाकलेलं. प्यायलाच नव्हतं तर गाडीला चांगलं कुठून आणणार, लोकांचा दोष नव्हता. पण पुढची दोन वर्षं मी रेडिएटरच बदलत होतो. आतल्या नळ्या खडूनं भरल्यासारख्या झाल्या होत्या.

आता फटीचं सांगतो. पुढच्या जाळीतून बघितलं की दिसतो तो एसीचा कंडेन्सर. रेडिएटर त्याच्या मागं, मधे बोटभर जागा. बाहेरून पाणी मारलं की कंडेन्सर चकचकीत दिसतो आणि माणूस समजतो की साफ झालं. माझ्याकडं परभणी, सेलू, मानवत, माजलगावकडच्या ज्या गाड्या येतात, त्यांच्या या फटीत कापसाचे तंतू असतात. जिनिंगच्या हंगामात रस्त्यावर कापूस उडतो, त्यावर धूळ बसते, त्यात तेलकटपणा मिसळतो आणि नमद्यासारखा थर तयार होतो. तो हातानं सोलून निघतो, मी सोललाय. लातूरकडच्या गाड्यांत कापसाऐवजी उसाच्या पाचटाचा भुसा आणि मेलेले किडे निघतात. हवाच आत शिरत नसेल तर आतल्या पाण्यात काय ओतलं याला अर्थ राहत नाही.

कंडेन्सरचे बोल्ट सैल करून तो पुढं ओढायचा, आणि इंजिनाच्या बाजूनं पुढं असं पाणी मारायचं, हलक्या दाबानं. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पत्र्याच्या पाकळ्या वाकतात आणि कायमच्या बंद होतात.

---

कोरडवाहू · १४ एप्रिल, दुपारी १:२०

एवढं कशाला? आमच्या गावच्या मेस्त्रीनं सरळ थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला. उन्हाळाभर काटा वर आला नाही.

---

पाना_पक्कड · १४ एप्रिल, दुपारी २:०५

कोरडवाहू दादा, हे गावोगाव करतात आणि त्यानं इंजिनं जातात. थर्मोस्टॅट नसला की मोकळ्या रस्त्याला इंजिन ६०-६५वरच चालतं. ऑइल पुरतं तापत नाही, त्यात धरलेलं पाणी उडून जात नाही, पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) लवकर झिजतात, डिझेल जास्त जातं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की तोच बायपासची वाट बंद करतो. तिथं तो काढला तर बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडं न जाता परत इंजिनात फिरत राहतं. म्हणजे सपाटीला गाडी गार आणि घाटात आधीपेक्षा गरम.

संशय असेल तर काढून तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं टांगता ठेवा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर धरा आणि तापवा. अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा घ्या, पण जागा रिकामी ठेवू नका.

---

औष्णिक (नांदेड) · १४ एप्रिल, रात्री ११:३०

मी तंत्रनिकेतनात उष्णता अभियांत्रिकी शिकवतो. बाटलीच्या प्रश्नाकडं कुणी नीट गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

या बाटल्यांत मुख्यतः पृष्ठताण कमी करणारी द्रव्यं असतात, सोबत गंजरोधक. कल्पना चुकीची नाही. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो चटकन न आटता तव्यावर नाचत फिरतो, कारण त्याच्या खाली वाफेची गादी तयार होते आणि ती उष्णता वर जाऊ देत नाही. इंजिनाच्या हेडमध्ये काही जागा इतक्या तापतात की तिथं सगळं पाणी उकळलेलं नसतानाही धातूला लागून बुडबुडे धरतात. बुडबुडे लहान असताना सुटून गेले तर उलट चांगलं, ते उष्णता घेऊन जातात. ते चिकटून राहिले, एकमेकांत मिसळले आणि वाफेचा पापुद्रा झाला, तर तव्यासारखं होतं. पृष्ठताण कमी असेल तर पाणी धातूला जास्त लगटून राहतं आणि बुडबुडा लवकर सुटतो. बाटली काम करते ती एवढ्या ठिकाणी.

साध्या पाण्याचा पृष्ठताण २५ अंशांना ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर असतो, ग्लायकॉलचा, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य द्रव्याचा, ४८च्या आसपास. म्हणजे कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं तेव्हा पृष्ठताण आधीच बराच उतरलेला असतो. बाटलीला करायला थोडंच उरतं. म्हणून साध्या पाण्यात तिचा परिणाम दिसतो आणि ५०-५० मिश्रणात तो फारच कमी होतो. अमेरिकेतल्या रेड लाइन कंपनीचं वॉटर वेटर या प्रकारात सर्वांत ओळखीचं आहे. तिचा दावा आहे २० अंशांपर्यंत. पण ते फॅरनहाइट अंश, आपले अकरा, आणि तेही साध्या पाण्यात. ५०-५० मध्ये तिनं स्वतःच ८ अंश फॅरनहाइट दाखवले आहेत, म्हणजे साडेचार सेल्सिअस. दुकानदाराचे १० ते १५ कुठून आले ते यावरून लक्षात येईल. ही द्रव्यं शर्यतीच्या गाड्यांत जास्त चालतात, कारण अनेक ट्रॅकवर ग्लायकॉलला बंदी असते. सांडलं की ते निसरडं होतं आणि लवकर वाळत नाही. तिथं साधं पाणीच वापरावं लागतं, आणि पाण्यात बाटली उपयोगी पडते.

आता थर्मोस्टॅट. बालाघाटी यांनी लिहिलंय की सपाट रस्त्याला ८८ ते ९० असतं. तो आकडा थर्मोस्टॅट ठरवतो, कूलंट ठरवत नाही. उष्णता जास्त चांगली निघायला लागली तर थर्मोस्टॅट तेवढा कमी उघडेल आणि पुन्हा ८८-९०लाच आणून ठेवेल. म्हणून सपाटीला कोणतीही बाटली आकडा उतरवू शकत नाही, आणि उतरवायची गरजही नाही. इंजिन त्या तापमानाला चालावं म्हणूनच बनवलेलं आहे. बाटलीची परीक्षा फक्त घाटात होते, थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला आणि तरी पारा चढतोय अशा वेळी.

आणि घाटात मे महिन्यात नेमकं काय होतं ते साध्या वजाबाकीनं कळतं. रेडिएटर किती उष्णता फेकणार हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. जानेवारीच्या सकाळी हवा २०, पाणी ९५, फरक ७५. मे महिन्यात हवा ४४, पाणी तेच ९५, फरक ५१. म्हणजे रेडिएटर तोच, पंखा तोच, पण त्याची ताकद एक तृतीयांशानं कमी झाली. त्यात एसी चालू असेल तर कंडेन्सरमधून तापून आलेली हवाच रेडिएटरला मिळते, म्हणजे फरक आणखी घटतो. आपल्याकडच्या गाड्यांची खरी लढाई या वजाबाकीशी आहे. मधे पाच-सहा अंश मिळवून देणारी कोणतीही गोष्ट मोलाची, पण ते अंश कुठं स्वस्तात मिळतात ते आधी बघावं.

एक दिलासाही देतो. १०८ म्हणजे कूलंट उकळलं असं नाही. ५०-५० मिश्रण उघड्या भांड्यात १०७-१०८ला उकळतं, पण १.१ बारची कॅप नीट दाब धरत असेल तर १२८-१३० पर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर कडक झालं असेल तर मात्र हा सगळा आधार जातो. बालाघाटाच्या उंचीवर साधं पाणी तर ९७-९८लाच उकळतं. तुमची कॅप गाडीएवढीच जुनी आहे. मी तुमच्या जागी असतो तर उद्या सकाळी पहिली कॅप बदलली असती.

---

ऊस_वाहतूक (औसा तालुका) · १५ एप्रिल, पहाटे ५:५०

सरांनी छान समजावलं. मोठ्या डिझेलवाल्यांसाठी एक गोष्ट जोडतो, नाही तर कुणी हे वाचून म्हणायचा की अ‍ॅडिटिव्ह सगळेच फसवे.

आमच्या ट्रकमध्ये ओले लायनर असतात, म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट कूलंट फिरतं. पिस्टनच्या धक्क्यानं लायनर थरथरतो, त्याच्या अंगाला बारीक बुडबुडे धरतात आणि फुटतात, आणि फुटताना लोखंडाला खड्डे पाडतात. आमच्याकडं काढलेला एक लायनर मी जपून ठेवलाय, बाहेरून देवीच्या व्रणांसारखा दिसतो. एक खड्डा आरपार गेला होता आणि कूलंट ऑइलमध्ये उतरलं होतं. हे टाळायला मोठ्या इंजिनांच्या कूलंटमध्ये नायट्राइटसारखी द्रव्यं लागतात, ती हळूहळू संपतात आणि ठरावीक तासांनी पुन्हा घालावी लागतात. तेही अ‍ॅडिटिव्हच, पण त्याचं काम लायनर वाचवायचं आहे, तापमान उतरवायचं नाही. दोन्ही बाटल्या दुकानात शेजारी शेजारी असतात. आमच्या एका ड्रायव्हरनं एकीच्या जागी दुसरी आणली होती. घेताना लेबल वाचून घ्या, वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या.

---

मांजराकाठ (लातूर) · १५ एप्रिल, सकाळी ११:१५

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक. माझ्या भावाच्या कारला मागच्या वर्षी रेडिएटरला बारीक गळती होती. एका ठिकाणी गळती बंद करणारी पावडर टाकून दिली. गळती थांबली. पंधरा दिवसांत हीटर गार पडला, महिन्यात गाडी तापायला लागली. रेडिएटर खोलला तर खालच्या नळ्या त्याच लगद्यानं बंद. त्या बाटलीवरही कूलंट अ‍ॅडिटिव्ह असंच लिहिलेलं होतं. मग तापायचं कारण कुणाला लवकर कळेना, तशीच चालवली आणि शेवटी हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलं. टाकीत बुडबुडे येत होते, ते आम्हाला आधी ओळखता आलं नाही. आता माहीत झालंय की गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची एक चाचणी असते. टाकीतली हवा त्यातून ओढतात, इंजिनातला वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. ती चाचणी लवकर केली असती तर हेड वाचलं असतं. बालाघाटी दादा, तुमची टाकी दर महिन्याला ग्लासभर कमी होते हे मला खटकलं. ते पाणी जातं कुठं, ते आधी शोधा.

दोन. कूलंट बदलाल तेव्हा जुनं गटारात किंवा अंगणात सोडू नका. ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. आमच्या गल्लीत एका गॅरेजच्या बाहेरच्या डबक्यातलं पिऊन दोन कुत्री तडफडून मेलेली मी बघितली आहेत. खेड्यात तर शेळ्या, वासरं मोकळी फिरतात. कॅनमध्ये भरून झाकण लावून गॅरेजला परत द्या.

---

पाना_पक्कड · १५ एप्रिल, दुपारी १२:४०

ताई बरोबर बोलल्या, ग्लासाचं माझ्या नजरेतून सुटलं होतं. साहेब, वॉटर पंपाच्या खाली आणि होजच्या क्लिपांपाशी पांढरा किंवा रंगीत डाग वाळलेला दिसतो का बघा.

---

बालाघाटी · १५ एप्रिल, रात्री ९:३०

ताई, मनापासून आभार. वरच्या होजच्या क्लिपेपाशी हिरवट डाग आहे. निळ्या द्रवाची चाचणी आजच करून घेतली, रंग निळाच राहिला.

आता मी असं ठरवलंय. सगळं एकदम केलं तर काळीपिवळी भाऊंसारखं होईल, कशानं फरक पडला ते कळणार नाही. म्हणून एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर तोच घाट, तीच वेळ, गाडीत तेवढंच वजन. वजनासाठी माणसांऐवजी ज्वारीची पोती ठेवीन. आईला यात आणणार नाही.

औष्णिक सर, एक विचारू का? आपल्याकडं बर्फ पडत नाही, तर ५०-५० कशाला हवं?

---

औष्णिक · १५ एप्रिल, रात्री १०:२०

जरूर विचारा, मला सर्वांत आवडलेला प्रश्न हा आहे. ५०-५० मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. ही गरज लडाखची आहे, अंबाजोगाईची नाही. एक तृतीयांश ग्लायकॉल असलं तरी उणे १५च्या खालीपर्यंत निभतं, आणि आपल्या थंडीला तेवढंही लागत नाही. दुसरीकडं पाणी उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉलपेक्षा पुष्कळ सरस आहे. एक किलो पाणी एका अंशाला ४.२ किलोज्यूल घेतं, ५०-५० मिश्रण सुमारे ३.५. उष्णतावाहकतेतला फरक तर याहून मोठा आहे. म्हणून आपल्याकडं ३३ ते ३५ टक्के कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड पाणी हे प्रमाण मला योग्य वाटतं.

त्याखाली जाऊ नका. गंजरोधक द्रव्यं त्या कूलंटमध्येच असतात, ग्लायकॉल कमी केलं की तीही पातळ होतात, आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड त्याची किंमत मोजतं. उकळबिंदूही तीन-चार अंशांनी उतरतो, म्हणून कॅप धडधाकट हवी. डब्यावर "तयार मिश्रण" लिहिलं असेल तर त्यात परत पाणी मिसळायचं नाही. आणि रंगावर जाऊ नका, हिरवा म्हणजे अमुक, लाल म्हणजे तमुक असा काही नियम नाही. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार दिलाय तोच घ्या, दोन वेगळे प्रकार मिसळले तर कधी कधी जेलीसारखा गाळ होतो.

---

काळीपिवळी_परभणी · १६ एप्रिल, सकाळी ६:४०

डिस्टिल्ड म्हणजे बॅटरीचं पाणीच ना? का आरओचं चालतं?

---

पाना_पक्कड · १६ एप्रिल, सकाळी ७:१५

बॅटरीचंच. आरओत क्षार कमी असतात, पण संपलेले नसतात. रस्त्यात अडलात तर आरओ टाका, बोअरपेक्षा शंभर पटीनं बरं. कायमचं भरताना मात्र बॅटरीचं पाणी.

---

बालाघाटी · १८ मे, रात्री १०:००

महिनाभर गायब होतो, आता आकडे घेऊन आलोय. प्रत्येक वेळी पालीपासून वर मांजरसुंब्यापर्यंत, दुपारी अडीच ते तीनच्या दरम्यान, चार पोती ज्वारी आणि आम्ही तिघं, एसी चालू, दुसरा-तिसरा गियर. बाहेरची हवा प्रत्येक दिवशी ४१ ते ४३.

आधी होजची क्लिप बदलली, ग्लासाची तूट थांबली. जुन्याच कूलंटवर, बाटलीशिवाय, सर्वांत वरचा आकडा १०८. मग त्याच कूलंटमध्ये बाटली ओतली, दोन दिवस गाडी फिरवली, परत घाट. १०७. दोनदा केलं, दोन्ही वेळा १०७. सपाटीला ८८ ते ९०, कणभरही फरक नाही, सर म्हणाले तसंच.

मग कंडेन्सर पुढं ओढला. पाना_पक्कड भाऊ, तुम्ही लिहिलं होतं तेच डोळ्यांनी बघितलं. करड्या रंगाचा नमदा, तळहाताएवढे तुकडे निघाले. रेडिएटरची खालची अर्धी बाजू त्यानं झाकलेली होती. मी दर आठवड्याला गाडी धुतो, पुढून पाणी मारतो आणि दहा वर्षं हा थर तिथं होता. साफ करून, बाकी काहीही न बदलता, घाट चढलो. १००. एका दुपारच्या कामात सात अंश.

त्यानंतर कॅप नवी बसवली. आकडा फारसा हलला नाही, ९९ आला. पण टाकीतलं पाणी आता वर-खाली होत नाही, आणि घाट चढल्यावर इंजिन बंद केलं की आधी जो खळखळ आवाज यायचा तो बंद झाला. आकड्यात न दिसणारा हा फरक मला मोठा वाटतो.

शेवटी जुनं कूलंट काढलं. सायट्रिक अ‍ॅसिडचं सौम्य द्रावण गॅरेजवाल्यानं थोडाच वेळ फिरवलं, अ‍ॅल्युमिनियमला जास्त वेळ सोसत नाही म्हणाला. निघालेलं पाणी ताकासारखं पांढुरकं होतं. डिस्टिल्ड पाण्यानं चार वेळा धुतलं, मग ३५ टक्के कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड. या भरण्यात बाटली नाही. घाटात ९६. जुनं कूलंट कॅनमध्ये भरून गॅरेजला दिलं, ताई.

दुकानदाराकडून दुसरी बाटली आणून नव्या मिश्रणातही टाकून बघितली, म्हणजे तिच्यावर अन्याय नको. ९५. एक अंश यंत्रानं दाखवला, पण त्या दिवशी हवाही ४१च होती, त्यामुळं तो बाटलीचा का हवेचा हे मी सांगू शकत नाही.

काल आई सोबत होती, सात माणसं, तोच घाट. एसी चालूच होता. ती झोपली होती, चौसाळ्याचा फाटा गेल्यावर विचारते, घाट कधी येणार?

---

ऊस_वाहतूक · १९ मे, पहाटे ५:३०

चौसाळा तर केजच्या वाटेवर येत नाही?

---

बालाघाटी · १९ मे, सकाळी ७:००

बरोबर. मावशीला चौसाळ्याला सोडायचं होतं, म्हणून तिकडून वळून आलो.

---

काळीपिवळी_परभणी · १९ मे, सकाळी ९:१०

आज सकाळी मीबी कंडेन्सर ओढला. भाऊ, कापूसच कापूस. नुसता हातानं काढला तर टोपलंभर झाला. कॅपवर ०.९ लिहिलंय, दुकानात १.१ची आहे, जास्त दाबाची बसवली तर जास्त चांगलं का?

---

पाना_पक्कड · १९ मे, सकाळी ९:२५

नको. होज आणि टाकी ०.९च्या हिशेबानं बनलेली आहे, जुना होज जास्त दाबानं फुटेल. ०.९चीच मागवून घ्या. आणि बदलताना इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका, सकाळी पहिली खेप निघायच्या आधी बदला.